आवाज बंद करण्याची जागा

माझ्या डीजेपणाची सुरुवात चुकीच्या लग्नात झाली. चुकीच्या म्हणजे, दुसऱ्याच्या. सिंदी मेघेच्या रस्त्यावर समोरासमोर दोन मंगल कार्यालयं होती. मला जायचं होतं उजवीकडच्या कार्यालयात आणि मी गेलो डावीकडच्या. कारण फार मोठं नव्हतं. डावीकडची कमान जास्त सजवलेली होती, आणि पहिल्याच स्वतंत्र कामाला निघालेल्या माणसाला आपलं काम सजवलेल्या कमानीच्या आतच असणार असं वाटतं. गजूनं, म्हणजे माझ्या गाडीच्या ड्रायव्हरनं, गाडी आत घेतली. आम्ही दोघांनी स्पीकरच्या पेट्या उतरवल्या, तारा जोडल्या आणि मी सुरू झालो. लोक नाचले. चांगले नाचले. फेटा बांधलेल्या एका गृहस्थानं, नवरदेवाचा मामा असावा, स्वतःच्या हातानं मला आलू-वांग्याच्या भाजीचं ताट आणून दिलं आणि म्हणाला, "खाऊन घे बे पोटभर, मंग दम लागते." मी खातच होतो, तेवढ्यात फाटकात त्यांच्या खऱ्या डीजेची गाडी येऊन उभी राहिली, आणि तिच्या मागून रस्ता ओलांडून माझे यजमान आले. नवरीचे वडील. त्यांच्या चपलांचा आवाज मला आधी आला आणि ते नंतर दिसले.

"काऊन बे, तिकडं माही पोरगी नटून बसली, अन् तू इकडं भाजी खाऊन राह्यला?"

मी तोंडात घास ठेवून विचारलं, "काका, तुमी इकडं कसे?"

हा प्रश्न आमच्या घरी अजून चालतो. कोणी चुकीच्या जागी सापडलं, की पोरं म्हणतात, काका, तुमी इकडं कसे. मीही तो किस्सा दर दिवाळीला सांगतो, आणि दर वर्षी त्या ताटात एखादा पदार्थ वाढत जातो. मागच्या वर्षी त्यात बुंदीसुद्धा आली. पण त्यानंतरचं जे आहे ते मी कधी सांगत नाही. लपवण्यासारखं आहे म्हणून नव्हे. सांगायला बसलो की त्यात मला स्वतःलाच काही सापडत नाही, म्हणून.

आमचं घर म्हणजे पुढे चक्की आणि मागे आम्ही. पीठगिरणीला आमच्याकडे चक्कीच म्हणतात. बाबा ती चालवायचे. सकाळी पट्टा चढला की घरातलं सगळं त्याच्या ठेक्यावर चालायचं. पट्ट्याला जिथे सांधा होता तो प्रत्येक फेऱ्याला चाकावर आपटायचा, पट, पट, पट, आणि मांडणीवरच्या वाट्या त्याला बारीक साथ द्यायच्या. कॅलेंडर खिळ्यावर हलत राहायचं. पीठ सगळीकडे असायचं; बाबांच्या भुवया पांढऱ्या, देवघरातला बाळकृष्ण पांढरा, आणि मायनं केलेल्या वरणालासुद्धा कुठेतरी मागे कच्च्या गव्हाची चव. एकमेकांशी आम्ही ओरडूनच बोलायचो, कारण दुसरा मार्ग नव्हता. लग्न होऊन वंदना आली तेव्हा पहिले कितीतरी दिवस तिला वाटत होतं, की या घरात सारखं भांडण पेटलेलं असतं. मायनं "भाजीत मीठ टाकलं का व?" असं विचारलं तरी ती दचकायची. मग हळूहळू तीही ओरडायला लागली. माहेरी गेली की तिची आई म्हणायची, "अवं, मी इथंच हाय नं, कायले बोंबलतं?"

इतकी वर्षं त्या आवाजात राहून बाबांचे कान गेलेलेच होते, आणि मायचेही त्यांच्या मागोमाग चालले होते. मी पेट्या घेतल्या तेव्हा बाबा चक्कीतून तसेच पिठाच्या अंगानं आले. मी मोठ्या उत्साहानं गाणं लावलं. त्यांनी पेटीवर तळवा टेकवला, थोडा वेळ ठेवला आणि म्हणाले, "चांगलं हाय. थरथरते." माझ्या संगीतावर त्यांनी दिलेला हा एकमेव अभिप्राय. पेटीवर पाचही बोटांचा पांढरा ठसा राहिला होता, तो मी लगेच पुसला, कारण पेटी नवीन होती.

त्या काळात माझी स्वतःची अशी काही शैली नव्हती. होती ती नागपूरच्या एका डीजेची, आणि तीही मी एकदाच, एका रिसेप्शनला, खांबाआडून पाहिलेली. तो काळा चष्मा लावायचा, म्हणून मीही लावला. संध्याकाळच्या वरातीत काळा चष्मा लावला की लाल तार आणि काळी तार सारखीच दिसते हे मला अनुभवानं कळलं. तो माईकमध्ये हिंदीतून ओरडायचा, "हाथ ऊपर!" मीही ओरडलो. एका लग्नात पंगत चालू होती, तिथल्या दोन आज्यांनी बिचाऱ्यांनी खरंच हात वर केले, आणि वाढप्याला वाटलं की त्या नको म्हणतात, म्हणून तो त्यांना सोडून पुढे गेला. त्यातली एक नंतर मला येऊन म्हणाली, "तुह्या पायी माहा भात राह्यला." पण नागपूरच्या डीजेचं एक मी मनापासून घेतलं होतं: आवाज कधी थांबू द्यायचा नाही. एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात. मधे जरा जरी मोकळं झालं की लोकांना भूक आठवते आणि ते जेवायला जातात. मी अक्षरशः त्या मोकळ्या जागेला भ्यायचो. सीडी बदलायच्या आधीच मी पुढची दातांत धरून ठेवायचो.

थांबायचं फक्त दोन ठिकाणी. एक मारुतीच्या देवळासमोर, नवरदेव नारळ फोडून येईपर्यंत. आणि दुसरं, ज्या घरी नुकतंच कोणी गेलेलं असेल त्या घरासमोर. त्याला आमच्याकडे नुसतं दुःखाचं घर म्हणतात. ते कोणी डीजेला सांगत बसत नाही. लग्नघरचं कोणीतरी वयस्कर माणूस वरातीच्या पुढे चालत असतं, ते घर जवळ आलं की तो हात वर करतो. ड्रायव्हर केबिनच्या पत्र्यावर टकटक करतो. आवाज बंद होतो. मग पिऊन आलेलासुद्धा मुकाट्यानं चालतो, नवरदेव घोड्यावर मान खाली घालतो, आणि ते घर मागे पडून आणखी एकदोन घरं गेली की पुन्हा सुरू. तेरवी झाली, सूतक फिटलं तरी लोक हे पाळतात, पहिला सण होईपर्यंत. गजूला गावातल्या कोणत्या गल्लीत कोणतं दुःखाचं घर आहे हे नेहमी ठाऊक असायचं. मला ते ठाऊक असण्याची कधी गरज पडली नाही. टकटक झालं की मी बंद करायचो.

बाबा गेले तेव्हा मी सेवाग्राम रोडला एका दुकानात स्पीकर दुरुस्त करून घेत होतो. दुपार होती. निरोप आला, मी आलो. बाबा चक्कीत पोत्यावर बसले होते, बसल्या बसल्या गेले होते, आणि सगळी गल्ली दारात जमा झाली होती. माय रडत होती, वंदना तिला धरून होती, शेजारच्या बाया रडत होत्या, आणि चक्की चालू होती. दाणे कधीच संपले होते. रिकाम्या चक्कीचा आवाज वेगळा असतो, कोरडा, दगड दगडावर फिरल्याचा. त्या आवाजावर ताण करून सगळे रडत होते. कोणालाही ती बंद करायचं सुचलं नव्हतं. मी आत गेलो, बाबांच्या शेजारून हात घालून बटण दाबलं. चाक हळू हळू थांबलं. मी आलो आणि पहिलं काम हे केलं. त्यानंतर जे काही केलं ते सगळं असंच केलं; कोणीतरी करायला हवं होतं आणि मी तिथे होतो.

माझ्या रडण्याची सगळ्यांनी वाट पाहिली. हिंगणघाटची आत्या तर त्यासाठी थांबूनच होती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी कडू घासाची बेसन-भाकर आणली, ती मी नीट जेवलो आणि आणखी अर्धी भाकर मागितली, तेव्हा आत्यानं मायकडे पाहिलं. आमच्या घरच्या सवयीप्रमाणे ती जे हळू म्हणाली ते अंगणापर्यंत गेलं. "पोट्ट्यानं टिपूस नाई काढलं व. असं आतल्या आत ठेवनं चांगलं नसते." मग माझ्याकडे वळून, "रडून घे बाप्पा. मोकळं वाटते." मी खरंच प्रयत्न केला. न्हाणीघरात जाऊन तोंड वाकडं करून पाहिलं. रडताना माणसाचं तोंड कसं होतं ते मला माहीत होतं, पण तोंड तसं केल्यानं पुढचं काही झालं नाही. बाहेर येऊन मी बादल्या भरून ठेवल्या.

घर मात्र बदललं. चक्की बंद असूनही सुरुवातीला सगळे ओरडूनच बोलत होतो. मग कधीतरी, कोणी न सांगता, आवाज खाली आले. मांडणीवरच्या वाट्या गप्प झाल्या. वंदना एकदा मला म्हणाली, "या घरात नळ ठिपकते हे मले आतालोक मालूमच नव्हतं."

तेरवी झाल्यावर मी पेट्या उघडल्या, गाणी लावून पाहिली. गाणी तीच होती, मला पाठ होती, कुठे काय येणार ते माहीत होतं. कानापर्यंत येत होती आणि तिथून परत जात होती, दळण घेऊन आलेलं गिऱ्हाईक बंद चक्कीसमोरून परत जावं तशी. मी आवाज वाढवून पाहिला. कमी करून पाहिला. डीजेला गाणं लागत नसेल तर त्यानं काय करावं? सुतारानं हात गेल्यावर जे करावं तेच. आत्यानं परतण्याआधी म्हटलंच होतं, "आता चक्की पाय. ते ढँचाक ढँचाक पुरे झालं." मला त्यात विरोध करण्यासारखं काही दिसेना. मी वंदनाला सांगितलं की देविदासकाकांच्या पोराचं एक लग्न ठरलेलं आहे, तेवढं वाजवतो, मग पेट्या विकून टाकतो.

"काऊन?"

"मले काई वाटूनच नाई राह्यलं."

"मंग चक्कीत बसून वाटन का?" असं ती म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

देविदासकाका म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले. ते आणि काकू लग्नाच्या आधी आमच्याकडे येऊन गेले, तीही इथली रीतच. काका मायसमोर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, तुमी म्हनसान तर बिनवाजंत्रीची नेतो वरात."

माय म्हणाली, "पोराचं लगन हाय भाऊजी. वाजू द्या."

"तुमच्या दारासमोर बंदच ठेवू." मग माझ्याकडे पाहून, "तुले जमत नसन तं दुसरा पाहू बाबू. वाईट नाई वाटाचं मले." मी म्हटलं, येतो. म्हणजे हे सगळं माझ्यासमोर ठरलं होतं. मी तिथेच बसलो होतो, चहा पीत.

माझं डोकं तेव्हा तुळतुळीत होतं, बाबांचं केलं होतं म्हणून. वरातीत नवरदेवाच्या अमरावतीच्या मित्रांना ते फारच आवडलं. एकानं पाठीवर थाप मारून "क्या स्टाइल है भाऊ!" म्हटलं. मी थँक्यू म्हणालो. नवरदेवाला मारुतीचं दर्शन झालं, घोडा पुढे निघाला. ऊन उतरलं होतं, डांबर अजून गरम होतं. मी गाडीवर मागे तोंड करून उभा होतो. हे सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाच्या ते लक्षात येत नाही: गाडी पुढे जाते, नाचणारे मागून येतात, आणि डीजे त्यांच्याकडे तोंड करून असतो. त्यामुळे कोणतीही गल्ली मला ती मागे पडल्यावरच दिसते. मी वाजवत होतो. एकामागून एक, नेहमीसारखं, फट न ठेवता. लोक नाचत होते आणि त्यांचे हात वरखाली होताना मी पाहत होतो.

पत्र्यावर टकटक झालं. मी आवाज बंद केला. सवयीनंच मान वळवून केबिनच्या खिडकीकडे वाकलो आणि विचारलं, "अबे गजू, कोन गेलं इथं?"

मी ओरडून विचारलं. आम्ही त्या घरचे, आम्हाला दुसरं येत नाही. आणि आवाज तर मी नुकताच बंद केला होता. सगळ्या वरातीला ऐकू गेलं.

मला वाटलं गजूला ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अगदी हळू म्हणाला, "भाऊ, तुमची चक्की हाय."

गाडी चालतच होती. माझ्या डाव्या हाताला आधी आमच्या शेजाऱ्यांचं फाटक आलं, मग चक्कीचं शटर, ओढलेलं, मग उंबरठ्याच्या फरशीत मुरलेलं ते पांढरं, जे कितीही धुतलं तरी जात नाही. दारात वंदना उभी होती. आत अंधारात भिंतीला टेकून माय बसली होती, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, खाली पाहत. मी त्या घराकडे पाहिलं, जसं वरातीतून कोणत्याही दुःखाच्या घराकडे पाहतो तसं. वाईट वाटलं. कोणाचं तरी कोणी गेलं आहे, याचं वाटतं तेवढंच. वंदनानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी बहुतेक मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. पुढे देविदासकाका वर केलेला हात खाली घ्यायचंच विसरून चालत होते.

घर मागे पडलं. पुढची एकदोन घरंही गेली. काकांनी हात खाली घेतला. आता सुरू करायचं. माझं बोट बटणावर होतं आणि ते तिथे नुसतं होतं. मला काही दाटून आलं होतं असं नाही. तसं लिहायला बरं दिसलं असतं. बोट दाबत नव्हतं, एवढंच. गजूनं आरशातून पाहिलं. आम्ही नळ ओलांडला, खांब ओलांडला. सगळी वरात गप्प चालत होती, आणि मी इतकी वर्षं ज्याला भीत होतो ती मोकळी जागा लांबत चालली होती. कोणी जेवायला गेलं नाही.

मला चपला ऐकू आल्या. इतक्या लोकांच्या चपला, घोड्याच्या टापा, बायकांच्या बांगड्या. मागे एक जण, नवरदेवाचा काका, चांगलाच घेतलेला, आवाज बंद झाल्यापासून थांबलेलाच नव्हता. तो बिनगाण्याचा, खाली मान घालून, मन लावून नाचत होता. त्याची चप्पल ठेक्यात पडत होती. त्याला पाहून एका बाईला हसू फुटलं, तिनं पदर तोंडावर घेतला आणि मग त्याच्या चपलेवर टाळी दिली. दुसरीनं दिली. मग ती टाळी पुढून मागे सगळ्या वरातीत पसरली. चांगली, भरीव, थोडी संथ. माझं गाणं त्याच्यापेक्षा कितीतरी वेगात होतं. मी ते बाजूला ठेवलं. नुसता ढोल काढला, वेग ओढून त्यांच्या टाळीइतका केला आणि खालून अगदी बारीक सोडला, त्यांना कळेल न कळेल असा. आजवर मी लोकांना माझ्या मागे ओढत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा लोकांच्या मागून गेलो. कोपरा वळल्यावर बाकीचं सगळं उघडलं तेव्हा गल्लीत जो आरडाओरडा झाला तो मी पुन्हा फारसा ऐकला नाही.

मला काही वाटलं का? नाही. पण ऐकू आलं. तेवढं बरेच दिवसांत झालं नव्हतं. पेट्या मी विकल्या नाहीत. चक्की चालवायला दिली.

त्याच हंगामात लोक विचारत यायला लागले. "तो टकल्या डीजे पायजे, मधात बंद करून लोकाइले वाजवू देते तो." केस वाढले तरी मी काढत राहिलो, धंद्याचा प्रश्न होता. आमचा भाचा आता लॅपटॉपवर वाजवतो. तो म्हणतो, मामा, याला आता नाव आहे, एका बटणावर होतं. असेल. मला एकदा एका पोरानं विचारलंसुद्धा, की ही स्टाइल तुम्ही कशी शोधली. मी म्हटलं, बोट दाबलं गेलं नाही. त्याला वाटलं मी मोठा कलावंत आहे म्हणून असं बोलतो.

वरातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा माय देवळात गेली होती. वंदना अंगणात भांडी घासत होती. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसलो. तिनं वर पाहिलं नाही. मी म्हटलं, "काल मले समजलंच नाई, का आपलं घर हाय म्हनून."

"आयकलं म्या," ती म्हणाली. "साऱ्या गल्लीनं आयकलं."

"मायनंही?"

वंदनानं हातातली परात राखेनं घासून उलटी केली, पाण्यानं धुतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"मायले नीट आयकू नाई आलं. मले म्हने, 'कोन इचारून राह्यलं व बाहीर?' म्या म्हटलं, 'बाहेरगावचा मानूस हाय, माय. त्याले आपल्या घरचं काई मालूम नाई.'"